टल्सातलं ग्रीनवूड कसं पाहावं

आमच्याकडे टल्साला, म्हणजे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, कुणीही आलं की मी त्यांना ग्रीनवूडला नेतेच. कृष्णवर्णीयांची ही वस्ती १९२१ मध्ये गोऱ्या जमावानं जाळली होती. तुम्ही स्वतः जाणार असाल तर संग्रहालयापासून सुरुवात करू नका. आधी ग्रीनवूड अव्हेन्यूच्या फुटपाथवर, खाली बघत चाला. तिथे जमिनीत धातूच्या छोट्या पाट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर एका दुकानाचं किंवा व्यवसायाचं नाव, १९२१ मध्ये ते उद्ध्वस्त झाल्याची नोंद आणि खाली, ते पुन्हा सुरू झालं की नाही. ही खालची ओळ वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच मोठ्यानं वाचू द्या.

काय घडलं ते चालता चालता सांगा. लिफ्टमधल्या गोऱ्या मुलीवर हात टाकल्याचा आरोप ठेवून डिक रोलंड या बूटपॉलिश करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाला पकडलं. कोर्टाबाहेर जमाव जमला. ३१ मेच्या रात्रीपासून १ जूनपर्यंत गोऱ्यांनी ही भरभराटीची वस्ती लुटली, जाळली. हजाराहून जास्त घरं गेली. माणसं किती मेली? अंदाज १०० ते ३०० चा आहे. रोलंडवरचा खटला पुढे रद्द झाला. हे मुलांपासून लपवू नका. या शहरानं कित्येक दशकं तेच केलं. ‘टल्सा ट्रिब्यून’ या इथल्या वर्तमानपत्राच्या जपून ठेवलेल्या अंकातून रोलंडच्या अटकेची बातमीसुद्धा कापून काढलेली सापडली, आणि सरकारी चौकशी आयोग नेमायला १९९७ उजाडलं.

मग व्हर्नन चर्च. त्याचं तळघर तेवढं आगीतून वाचलं. तिथे आजही प्रार्थना होते, त्यामुळे वेळ विचारूनच आत जा. पुढे हायवेच्या पुलाखाली जरा थांबाच. जळालेली वस्ती लोकांनी स्वतःच्या हिमतीवर पुन्हा उभी केली होती, कारण विमा कंपन्यांनी दंगलीतलं नुकसान भरून न देण्याचं कलम दाखवून हात वर केले होते. त्याच वस्तीच्या पोटातून नंतर हा रस्ता काढला. मला याचा आगीइतकाच संताप येतो.

आता ‘ग्रीनवूड रायझिंग’ संग्रहालय बघा आणि शेवटी ओकलॉन दफनभूमीत जा. तिथल्या बेवारस कबरींत १९२१ च्या बळींचा शोध घेताना सी. एल. डॅनियल या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाची ओळख २०२४ मध्ये पटली. या शोधातून नाव मिळालेले ते पहिले.

भरपाईचं काय, असं पाहुणे हमखास विचारतात. त्या हल्ल्यातून वाचलेल्या वृद्धांचा भरपाईचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये फेटाळला, हे स्पष्ट सांगा. २०२५ मध्ये महापौरांनी १०.५ कोटी डॉलरच्या खाजगी ट्रस्टची योजना जाहीर केली, तिच्यात घरं आणि वस्तीच्या विकासासाठी पैसे आहेत. वंशजांच्या हातात रोख रक्कम नाही. माझ्या मते तीही द्यायला हवी.