उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) बटण चालतं, आवाज मात्र गायब
आवाज वाढवायचं बटण दाबल्यावर पडद्यावर पट्टी सरकते, पण स्पीकर गप्पच? मग कीबोर्डला दोष देऊ नका, बटण नीट पोचतंय. आधी सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये आउटपुट बघा. एचडीएमआय केबल लावलेली असेल तर आवाज बऱ्याचदा टीव्हीकडे वळलेला असतो. तिथं सगळं ठीक असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, alsamixer टाइप करून अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि एफ६ दाबून लॅपटॉपचं साउंड कार्ड निवडा. ज्या पट्टीखाली 'एमएम' दिसेल ती म्यूट आहे. बाणाच्या बटणाने तिच्यावर जा, एम दाबा. दिसायला जुनाट प्रोग्रॅम, पण खरं दुखणं इथंच सापडतं.

पडद्यावर पट्टीच येत नसेल तर कीबोर्डवरचं एफएन (Fn) धरून तेच बटण दाबून बघा. काही लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की एफएन धरून ठेवायची कटकट संपते.