शनिवार-रविवारचं गोलातल्या नाच-गाण्याचं शिबिर : आपल्या खान्देशात घ्यायचं असेल तर

गेल्या हिवाळ्यापासून तीन-चार जणींनी विचारलं की ताई तुम्ही ते दोन दिवस गोलात नाचायचं-गायचं शिबिर घेता ते नेमकं कसं घेता, आम्हालाही आमच्या गावाकडं करायचंय. दरवेळी फोनवर अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते.

आधी हे आहे काय ते सांगते. गोलात उभं राहायचं, हात धरायचे, देवाचं एखादं नाव किंवा एकच छोटी ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची आणि त्यावर साधी पावलं टाकायची, दहा-दहा मिनिटं तेच. स्टेज नाही, बघणारे नाहीत, कोणी चांगला नाचतो म्हणून पुढे आणि कोणी वाईट म्हणून मागे असं नाही. मग हळूहळू आवाज कमी करत थांबायचं आणि थांबल्यावर मिनिटभर तसंच उभं राहायचं. त्या मिनिटाला जे होतं ना, छातीत जे शांत होतं, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. जागा कुठली घ्यायची, जेवायला काय करायचं, ढोलकी किती जोरात वाजवायची, काहीही ठरवताना मी फक्त एवढंच बघते की थांबल्यानंतरचं ते मिनिट टिकेल का मोडेल.

हा प्रकार ह्या रूपात अमेरिकेतून आला. सान फ्रान्सिस्कोला सॅम्युएल लुईस नावाचे गृहस्थ होते, 1896 चा जन्म, त्यांनी 1960 च्या दशकाच्या शेवटी तरुण पोरापोरींना घेऊन वेगवेगळ्या धर्मांतली नावं-मंत्र गोलात गात नाचायला सुरुवात केली आणि 1971 मध्ये ते वारले, पण नाच जगभर गेले. त्यांचे गुरू हजरत इनायत खान, ते मूळचे बडोद्याचे, 1882 चा जन्म, घराणंच गाण्याचं, आणि बडोदा म्हणजे आपल्या नवापूरच्या पलीकडे गुजरातच की. त्यांची समाधी दिल्लीला निजामुद्दीनला आहे. युरोपातही असंच एक वेगळं वळण आहे, बर्नहार्ड वोसियेन नावाच्या नृत्यशिक्षकांनी 1976 ला स्कॉटलंडमधल्या फाइंडहॉर्नला लोकांचे गोलातले नाच शिकवले आणि तिथून ते पसरले. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे लोक विचारतात हे कुठल्या पंथाचं आहे का, काही दीक्षा-बिक्षा घ्यावी लागते का. आमच्या शिबिरात तसलं काही नसतं. एका नाचात रामकृष्णहरी, दुसऱ्यात बुद्धं शरणं गच्छामि, तिसऱ्यात ला इलाहा इल्लल्लाह, आणि प्रत्येकाचा अर्थ आधी दोन वाक्यांत सांगायचा, अर्थ न सांगता कोणाच्याही तोंडी कोणतंही नाव द्यायचं नाही, हे माझं फार पक्कं आहे.

आणि खरं सांगू का, आपल्याकडच्या बायांना हे नवीन वाटतच नाही. कानबाईच्या रात्रीचं जागरण, आखाजीचे झोके आणि फुगड्या, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर गुलाबाईची गाणी, हे सगळं अंगात आहेच. तिकडं सातपुड्यात होळीला ढोल आणि पावरीवर रात्र रात्र नाचतात. वारीला गेलेल्यांना पावली माहीत आहे. म्हणून मी पहिल्या दिवशी "आज नवीन शिकायचंय" असं म्हणतच नाही, सरळ पावलीपासून सुरू करते.

आता वेळ. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 44-45 ला जातो, तेव्हा नावच काढू नका. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात. दिवाळीनंतर बरं असतं पण तेव्हा कापूस वेचणीला बाया मोकळ्या नसतात, म्हणून आम्ही संक्रांत झाली की महाशिवरात्रीच्या आतला एखादा शनिवार-रविवार धरतो. पहाटे कधी कधी 10 अंशाच्या खाली उतरतं, शाल-स्वेटर आणायला आधीच सांगा.

जागेचा हिशोब असा करा. हात धरून उभं राहिलं की एका माणसाला साधारण तीन फूट लागतात. तीस माणसं म्हणजे नव्वद फुटांचा घेर, म्हणजे गोल आरपार झाला एकोणतीस-तीस फूट, त्यात आत-बाहेर जायला जागा पाहिजे, म्हणून चाळीस बाय चाळीस मोकळी जागा बघायची. तीसच्या वर माणसं घेऊ नका पहिल्यांदा, वीस मिळाली तरी भरपूर. मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं, पण वर पत्रा असला की आवाज असा घुमतो की शेजारचीचं गाणं कळत नाही, आणि फरशीवर अनवाणी पाय घसरतात. सिमेंटच्या कोब्यावर दोन दिवस नाचलं की सोमवारी गुडघे बोलतात. सगळ्यात चांगलं म्हणजे मळ्यातलं खळं, दोन दिवस आधी शेणाने सारवून घेतलेलं, पायाला गार आणि मऊ. पण सारवायच्या आधी एक माणूस लावून सराटे वेचून घ्या! पहिल्या वर्षी आम्ही हे विसरलो आणि पहिल्याच नाचात एका मावशीच्या टाचेत सराटा गेला, बिचारी दोन्ही दिवस बसून राहिली, मला अजून वाईट वाटतं. देवस्थानाच्या ठिकाणी घ्यायचा विचार बरेच जण करतात, मनुदेवी, पाटणादेवी, उनपदेव, मन प्रसन्न होतं हे खरं, पण रविवारी तिथं दर्शनाला गर्दी असते आणि लोक थांबून मोबाईलमध्ये शूटिंग करायला लागतात, मग आपल्या बाया आखडतात. पाटणादेवी तर गौताळ्याच्या अभयारण्यात, तिथं ढोलकी घेऊन जाणं मला पटत नाही. बायांसाठी वेगळं संडास-बाथरूम असेल तरच जागा पक्की करा. मळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, चार्जिंगचे दोन कंदील जवळ ठेवा.

माइक अजिबात लावू नका. मोकळ्यावर रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर चालत नाही हा नियम आहेच, पण मुद्दा तो नाही. माइक आला की शिकवणाऱ्याचा आवाज मोठा होतो आणि बाकीचे गायचे थांबतात.

शिकवणारी व्यक्ती गोलाच्या मधोमध वाद्यवाल्यांजवळ उभी राहते, आणि शिकवायचा क्रम ठरलेला आहे, तो मोडला की गोंधळ झालाच समजा. आधी शब्द, नुसते बोलून, अर्थासकट. मग चाल, जागेवर उभं राहून, चार-पाच वेळा, सगळ्यांच्या तोंडात बसेपर्यंत. मग पावलं, गाणं न म्हणता, नुसते आकडे मोजत. आणि शेवटी दोन्ही एकत्र. शब्द आणि पावलं एकदम दिली की माणूस पायाकडे बघायला लागतो, आणि पायाकडे बघणारा माणूस गात नाही.

सुरुवातीला एकच नाच पुरतो तो सांगते. सोळा मात्रा, म्हणजे भजनी ठेक्याची दोन आवर्तनं. आठ मात्रा डावीकडे वळून चालायचं, म्हणजे उजवा खांदा आतल्या बाजूला राहतो आणि आपोआप प्रदक्षिणा होते. मग आत तोंड करून चार पावलं मध्याकडे, जाताना धरलेले हात हळूहळू वर. मग चार पावलं मागे, हात खाली. शब्द रामकृष्णहरी. एवढंच. हे इतकं सोपं आहे की तिसऱ्या फेरीला कोणी मोजत नाही. हात धरताना सगळ्यांनी डावा तळवा वर आणि उजवा खाली ठेवायचा, मग हात आपोआप जुळतात, ओढाताण होत नाही.

हातावरनं आठवलं. आपल्याकडे अनोळखी बाई-पुरुषांनी हात धरायला लोक लाजतात, आणि त्यात चूक काही नाही, जबरदस्ती करू नका. आम्ही प्रत्येकाला एक उपरणं किंवा मोठा रुमाल आणायला सांगतो, ज्याला हात नको त्याने रुमालाचं टोक धरायचं. नाहीतर दोन गोल करायचे, आत बायांचा, बाहेर पुरुषांचा. दुसऱ्या दिवशी बहुतेक रुमाल खांद्यावरच राहतात, पण ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं. जोडीदार बदलत पुढे सरकायचे नाच असतात, एकाला नमस्कार करून पुढच्याकडे जायचं, ते मात्र रविवारीच घ्या, शनिवारी घाई होते.

सूर पेटीवरच्या काळी दोन ते पांढरी चारच्या मध्ये कुठेतरी धरा. पुरुष काळी एकला आणि बाया काळी चारला खूश असतात, दोघांनाही झेपेल असं मधलं काहीतरी पाहिजे, आणि चाल पाच-सहा सुरांतच फिरणारी निवडा, वरच्या षड्जावर उडी असलेली चाल घेतली की अर्धे लोक गप्प होतात. वाद्यं जास्त नकोत. एक पेटी किंवा एकतारी, एक ढोलकी, दोन टाळ बस झाले. ढोलकीवाल्या भाऊंना आधीच बाजूला घेऊन सांगा की इथं लय वाढवत न्यायची नाही. भजनात शेवटाला दुगुन चढवायची सवय असते त्यांना, आणि ती गोडच लागते, पण इथं चढवली की म्हाताऱ्या माणसांची दमछाक होते आणि थांबल्यावर शांतता येण्याऐवजी सगळे धापा टाकतात आणि टाळ्या वाजवतात.

टाळ्यांचं तर पहिल्याच सत्रात सांगून टाका, नाच संपला की टाळ्या नाहीत. थांबवायचं असं: मधली व्यक्ती हात खाली आणत जाते, आवाज अर्धा होतो, मग नुसतं गुणगुणणं, ढोलकी आधीच थांबलेली, पावलं लहान लहान होत थांबतात, शेवटी एकतारी पण थांबते. डोळे मिटून मिनिटभर. मनातल्या मनात साठपर्यंत मोजा, कारण शिकवणाऱ्याला ते मिनिट फार लांब वाटतं आणि ती मध्येच बोलून जाते. मी पण पहिली दोन वर्षं बोलून जायचे. आता गप्प राहते, खळ्याच्या कडेच्या लिंबावरचे पक्षी ऐकू येतात, लांब कुठेतरी मोटार चालू असते.

म्हाताऱ्या बायांसाठी गोलाच्या आत चार-पाच खुर्च्या ठेवा, बाहेर नको, आत. आमच्याकडे एक आजी यायच्या, आल्या आल्या म्हणाल्या "माले काही येस नही, मी आठेच बठीसन देखसू," म्हणजे मला काही येत नाही, मी इथंच बसून बघते. म्हटलं आजी देखा, पण मध्ये बसून देखा. दुसऱ्या फेरीला त्यांचा आवाज सगळ्यात वर होता. खुर्चीवरच्या बायांनी सूर धरून ठेवला की बाहेरचा गोल दमला तरी गाणं पडत नाही.

दिवसाची आखणी फार घट्ट करू नका. शनिवारी दहापर्यंत लोक येतात, चहा-पोहे, मग सव्वा तास नाच. दुपारी जेवून दोन तास सक्तीची विश्रांती, सक्तीची म्हणते कारण बाया विश्रांतीत भांडी घासायला उठतात. चारला बसून नुसतं गाणं, दोन गट करून एकाच ओळीचं एकामागून एक म्हणायचं, एक गट अर्धी ओळ पुढे, ऐकायला इतकं सुंदर लागतं की काही जणी गाता गाता थांबून ऐकतच राहतात. सूर्य मावळायच्या वेळी परत नाच. रविवारी उजाडताना न बोलता मळ्यातून चक्कर, मग गरम पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची काडी तोंडात, दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणायचं, त्याशिवाय गळा उघडत नाही. मग दोन सत्रं आणि जेवून घरी. एक सत्र सव्वा तासाच्या वर नको, त्यात चार-पाच नाच होतात.

जेवणाचं म्हणाल तर लोकांना शिबिर म्हटलं की भरीत पार्टीच डोळ्यांसमोर येते, आणि सीझन पण तोच असतो. करा ना, जरूर करा, बामणोदची वांगी आणा, पऱ्हाट्यांवर भाजा, कळण्याची भाकरी करा, पण शनिवारी रात्री, सगळे नाच झाल्यावर. एका वर्षी दुपारी भरीत-भाकरी झाली आणि चारच्या सत्राला अर्धे लोक खळ्याच्या कडेला आडवे! दुपारी साधी खिचडी-कढी द्या. सत्राच्या मध्ये गूळ-शेंगदाणे आणि पाण्याचे माठ, आणि ओआरएसची चार पाकिटं जवळ असू द्या. रविवारी निरोपाला वरण-बट्टी करतो आम्ही. स्वयंपाकाला बाहेरच्या दोन बाया पैसे देऊन लावा, शिबिराला आलेल्यांपैकी कोणाला चुलीशी अडकवू नका, नाहीतर घरी होतं तेच इथं होतं. खर्च सगळा वहीत लिहून शेवटी वाटून घ्यायचा, ज्याला जमत नाही त्याच्याकडून दाणा-गोटा चालतो.

मोबाईल एका टोपलीत जमा. घरून फोन येईल अशी काळजी असते म्हणून एकच नंबर सगळ्यांच्या घरी देऊन ठेवतो, तो फोन स्वयंपाकवाल्या ताईंकडे असतो.

रविवारी सगळ्यात शेवटी परत पहिलाच नाच घ्या, तोच रामकृष्णहरीचा, शनिवारी सकाळी शिकवलेला. तेव्हा आकडे मोजत होते ते आता डोळे मिटून चालत असतात. मिनिटभर शांत उभं राहून झालं की एकेकाने शेजारच्याचा हात सोडायचा, डावीकडून सुरुवात करून, गोल हळूहळू सुटत जातो. मग सगळ्यांनी मिळून खळं झाडायचं, भांडी मोजून परत करायची, सतरंज्या उन्हात टाकायच्या, आणि मळेवाल्या भाऊंना पुढच्या वर्षीची तारीख तिथंच विचारून ठेवायची.