शाळेच्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडेनात? या चुका टाळा

जुनी प्रश्नपत्रिका उघडावी आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसावा, हे शाळांमध्ये अजूनही सर्रास घडतं. फाइल खराब झालेली नसते. ती कृतिदेव, श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. अशा फाइलीत प्रत्यक्ष साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं; त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की मराठीही गेली. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-प्रणालीमध्ये मात्र देवनागरीच्या वर्णांना आणि चिन्हांना स्वतःचे क्रमांक आहेत. हे क्रमांक सर्वांसाठी जाहीर आहेत, कोणत्याही एका फॉन्टवर अवलंबून नाहीत.

मला जुन्या फॉन्टची ही चूक सर्वांत गंभीर वाटते ती दृष्टिहीन मुलांमुळे. एनव्हीडीए हा मोफत, मुक्त स्रोत स्क्रीन रीडर युनिकोडमधला मराठी धडा वाचून दाखवू शकतो. तोच धडा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर त्या मुलाच्या कानावर फक्त निरर्थक अक्षरं पडतात.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला फॉन्ट कन्व्हर्टर वापरा, पण आधी मूळ फॉन्टचं नाव बघा. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. रूपांतर झालं की रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘वर्ग’चं ‘वगर्’ आणि ‘विद्यार्थी’चं ‘िवद्याथीर्’ झालेलं हमखास सापडतं. मजकुरातले मूळ इंग्रजी शब्द आणि गणिती चिन्हंही बिघडू शकतात, म्हणून जुनी फाइल लगेच पुसू नका. पुढचं सगळं काम मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये करा. ते शाळेतल्या प्रत्येक संगणकावर विनाशुल्क टाकता येतात.

लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये शैलीचा (स्टाइलचा) फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर ढिम्म हलत नाही, अशीही तक्रार येते. तिथे देवनागरीसाठी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ असा वेगळा रकाना आहे. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, भाषेच्या सेटिंगखाली तो चालू करा आणि मग शैलीतल्या त्या रकान्यात फॉन्ट व आकार ठरवा. छपाईला पीडीएफ पाठवा, पण संपादन करता येईल अशी मूळ फाइलही जपून ठेवा.

पुढची चूक तंत्रज्ञानाची कमी आणि शिस्तीची जास्त. सगळे सराव संच, व्हिडिओ, गुणांचे तक्ते एकाच गुरुजींच्या वैयक्तिक खात्यावर असतात. गुरुजींची बदली होते आणि शाळेच्या हाती फक्त न उघडणाऱ्या लिंक उरतात. खातं शाळेच्या नावाचं हवं, आणि दर सत्राअखेर सगळ्याची प्रत शाळेच्या हार्ड डिस्कवर हवी. सेवा मोठ्या कंपनीची असली म्हणजे निर्धास्त, असंही नाही: ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या अडोबीच्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यावर बेतलेले धडे ब्राउझरमध्ये चालेनासे झाले, गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ अखेर बंद झाला. कंपनीचं साधन वापरायला माझी हरकत नाही. आपलं काम त्यातून बाहेर काढता येतं का, हे मात्र पहिल्याच दिवशी करून बघा.

परवान्यांबाबतही गल्लत होते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात म्हणजे त्यांतली पानं कापून, आपलं नाव घालून चॅनेलवर टाकायची मुभा मिळाली असं नाही. सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे असल्याचं पुस्तकातच छापलेलं असतं. वर्गात शिकवताना वापरण्यासाठी कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण ती जाहीर प्रकाशनासाठी नाही. चित्र हवं असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा, चित्राच्या पानावरचा परवाना वाचा आणि कर्त्याचं नाव व परवाना चित्राखाली लिहा. दुसरीकडून घेतलेल्या चित्राच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात ‘एनडी’ असेल तर बदललेलं चित्र प्रसिद्ध करता येत नाही; कॉमन्सवर असा परवाना चालत नाही. ‘एसए’ असेल तर तुमची बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते.

शेवटची चूक उत्साही शाळांची: एका रात्रीत सगळे संगणक विंडोजवरून लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर नेणं. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजलं, कारण २००१मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने शिक्षकांच्या प्रशिक्षणावरही तितकाच भर दिला. तुम्ही आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून प्रिंटर, प्रोजेक्टर आणि मराठी कळफलक तपासा, मग एकच संगणक बदला. बाकीचे उन्हाळी सुट्टीत बदला. सहामाही परीक्षेच्या तोंडावर हे काम काढू नका.