ट्रायला उत्तर पाठवायचंय? आधी पावतीबुक काढा

तासगाव भागातल्या आम्हा केबलवाल्यांची बैठक म्हणजे चहा आणि ट्रायच्या, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम आणि दर ठरवणाऱ्या दिल्लीतल्या नियामक संस्थेच्या, नावानं शिमगा. तो दिल्लीला कोण ऐकतंय? नियम करण्याआधी ट्राय कन्सल्टेशन पेपर, म्हणजे लोकांची मतं मागणारा प्रश्नांचा मसुदा, वेबसाइटवर टाकतं. त्याला ऑपरेटर, ग्राहक, कुणीही उत्तर देऊ शकतं. वकील लागत नाही.

पेपर जाडजूड असतो. सरळ शेवटाकडे जा, तिथं सगळे प्रश्न क्रमांकासह एकत्र सापडतात. आपल्या धंद्याला लागणारे दोन-तीन निवडा आणि ते ज्या प्रकरणातून आलेत तेवढंच वाचा.

मग बघा, पेपर शिफारशीसाठी आहे की दरासाठी. राष्ट्रीय प्रसारण धोरणाचा एप्रिल २०२४ चा पेपर शिफारशीसाठी होता. जूनमध्ये ट्रायनं शिफारशी दिल्या. त्या घ्यायच्या की नाही, हे सरकारनं ठरवायचं. दराचं तसं नाही. टॅरिफ ऑर्डर, म्हणजे दराचा आदेश, ट्राय स्वतः काढतं आणि ती थेट आपल्या पावतीवर उतरते. २०१७ च्या ऑर्डरनं शंभर चॅनेलला एनसीएफ, म्हणजे पे चॅनेलच्या किमतीखेरीज ग्राहक केबल जोडणीसाठी दर महिन्याला देतो ती फी, जास्तीत जास्त १३० रुपये ठरवली, करासकट १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये तेवढ्यातच दोनशे चॅनेल द्यायला लावले आणि जुलै २०२४ मध्ये ती मर्यादाच काढली. त्यामुळं दराचा पेपर आला की हातातलं काम ठेवून बसायचं.

उत्तरात "छोटा ऑपरेटर मेला" असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. हिशेब मांडा. एमएसओशी, म्हणजे आपल्याला सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबल कंपनीशी, वाटा जमला नाही तर ट्रायच्या नियमानं एनसीएफचे ५५ टक्के त्याचे, ४५ आपले. म्हणजे ग्राहकाकडून १३० घेतले तर आपल्या हातात ५८ रुपये ५० पैसे. सावळजकडं द्राक्षबागेच्या कडेनं नेलेली वायर औषध मारणाऱ्या ट्रॅक्टरनं तोडली, की ती जोडायचा खर्च याच ५८ मधून. पोरांचा पगारही यातूनच. महिन्यात वायर किती बदलली, बॉक्स किती जणांनी परत आणून दिले, हे आकडे प्रश्नाचा क्रमांक टाकून त्याखाली लिहा. मी मराठीत लिहितो, पोरगी इंग्रजी करून देते.

ओटीटीवरचा राग मात्र आवरा. तिथल्या मजकुराचे नियम २०२१ च्या आयटी नियमांत आहेत आणि ते माहिती व प्रसारण मंत्रालय बघतं. पेपरात ओटीटीचा प्रश्न असेल तरच त्यावर लिहा.

पाठवायचा ईमेल आणि मुदत पेपरातच असते. आलेली उत्तरं वेबसाइटवर जाहीर होतात, त्यामुळं ग्राहकांची नावं, मोबाईल नंबर जोडू नका.

आणि पाठवून मोकळे होऊ नका. पुढं काउंटर कमेंटची, म्हणजे दुसऱ्यांच्या उत्तरांवर आपलं म्हणणं मांडायची, मुदत असते. तेव्हा मोठ्या ब्रॉडकास्टरांची, म्हणजे चॅनेलवाल्या कंपन्यांची, उत्तरं उघडून वाचा. ऑपरेटरचा वाटा कमी करा असं कुणी म्हटलं असेल, तर त्याच प्रश्नाखाली आपले ५८ रुपये पुन्हा मांडा.