किल्ली कुठे ठेवायची? स्कूबाला निघण्यापूर्वीची तयारी

मालवणला किंवा तारकर्लीला स्वतःच्या गाडीने येऊन स्कूबा करणाऱ्यांचे कपडे, खाणे, पाण्याच्या बाटल्या यांचे नियोजन सहसा चोख असते. गाडीची किल्ली मात्र जेटीवर उभे राहून, होडी सुटायच्या बेतात असताना आठवते. तिची व्यवस्था आदल्या रात्रीच ठरवावी, एवढ्यासाठी ही यादी लिहीत आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी रिमोटची किल्ली पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली होती. जेमतेम आठ मीटरवर ती पिशवी किल्लीला चिकटून सपाट झाली, वर आलो तेव्हा आत चमचाभर खारे पाणी होते आणि दुसरी किल्ली पुण्याहून येईपर्यंत पुढचा अख्खा दिवस गाडी जेटीजवळ उभी राहिली.

आदल्या रात्री पहिले काम म्हणजे जवळ असलेल्या किल्ल्यांची वर्गवारी करणे. घराची, कुलपाची किंवा साध्या स्कूटरची निव्वळ धातूची किल्ली पाण्यात गेली तरी बिघडत नाही; नंतर गोड्या पाण्याने धुऊन पुसली की झाले, आणि तिच्या बाबतीत भीती फक्त हरवण्याची असते. ज्या किल्लीत बटणे आहेत, तिच्यात तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल आणि छोटे सर्किट असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्यामुळे त्यातून वीज सहज वाहते, सेल चालू असतानाच सर्किटवरील तांब्याच्या रेषा झिजू लागतात आणि किल्ली काही मिनिटांत निकामी होऊ शकते. अशी किल्ली पाण्यात न्यायचीच नाही, हे माझे ठाम मत आहे. सोबत पाण्यात न उतरणारे कोणी असेल तर ती त्यांच्याकडे द्यावी; सगळेच पाण्यात उतरणार असतील तर ज्या निवास-न्याहारीत उतरला आहात तिथल्या काकूंकडे देऊन जेटीपर्यंत रिक्षाने यावे. किल्ली गाडीतच लपवून दार तिच्यातून काढलेल्या धातूच्या साध्या पात्याने बंद करण्याची युक्ती काही जण सुचवतात, पण जवळ आल्यावर आपोआप उघडणाऱ्या गाड्या आतल्या किल्लीचा संकेत ओळखतात. त्यामुळे आपल्या गाडीचे वर्तन आधी घरासमोर तपासल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. दुसरी किल्ली घरी कपाटात न ठेवता बरोबर आणावी आणि ती पहिलीपासून वेगळ्या माणसाकडे असावी.

यानंतर मोबाइल, घड्याळ, कॅमेरा यांच्याकडे वळावे आणि प्रत्येक वस्तूवरचा आकडा नीट वाचावा, कारण सर्वाधिक गैरसमज याच आकड्यांमुळे होतात. मोबाइलवर ‘आयपी ६८’ हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा लिहिलेला असतो, तेव्हा ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, उत्पादकाने स्वतः ठरवलेल्या खोलीवर झालेली असते आणि ती खोली पुष्कळदा दीड मीटर असते. घड्याळावर ‘३० मीटर’ छापलेले असले तरी ते हात धुताना किंवा पावसात उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतेच समजावे. ‘५० मीटर’ लिहिलेली अनेक स्मार्ट घड्याळेही पोहण्यासाठी असतात, स्कूबासाठी नाहीत. बुडीसाठी बनवलेल्या घड्याळाचे ‘आयएसओ ६४२५’ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्यात किमान १०० मीटरची अट आहे. गोप्रोचे अलीकडचे अनेक कॅमेरे वेष्टनाशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, तर त्यांच्या कडक वेष्टनात ६० मीटरपर्यंत नेता येतात; नवशिक्यांची बुडीही बऱ्याचदा दहाच्या आसपास पोचते, म्हणून वेष्टन लावावेच.

हे आकडे इतके महत्त्वाचे का, ते दाबाच्या हिशोबावरून कळते. समुद्रात दर १० मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो, दाब वाढतो. पंधरा सेंटिमीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद मोबाइलच्या काचेवर दहा मीटरवर क्विंटलभराहून थोडा जास्त भार येतो, तर १८ मीटरवर, म्हणजे प्राथमिक प्रमाणपत्रधारकाच्या मर्यादेवर, तोच भार १९० किलोंच्या आसपास जातो. मऊ पिशवीतली हवा दहा मीटरवर निम्म्या आकाराची होते, पिशवी आत ओढली जाते, बटणे आपोआप दाबली जातात आणि तोंडावरची घडी उलगडू शकते. त्यामुळे तोंड गुंडाळून बंद करायची जी जलरोधक पिशवी दुकानात मिळते, ती होडीत ठेवण्यासाठी उत्तम; तोंडाला किमान तीन वळसे देऊन तिच्यात पाकीट, मोबाइल, चष्मा ठेवावा, पण ती घेऊन पाण्याखाली जाऊ नये.

खाली काही न्यायचेच असेल, तर खोलीचा आकडा छापलेली कडक पेटी लागते, आणि ती रिकामी असताना एकदा बुडवून तपासावी लागते. पहिल्या बुडीला आत फक्त कागदी रुमालाची घडी घालावी. वर आल्यावर कागद कोरडा असेल तरच पुढच्या वेळी वस्तू ठेवावी. पेटीचे सगळे भवितव्य तिच्या झाकणाभोवतीच्या रबरी कडीवर अवलंबून असते. ती कडी बोटाने हळूच बाहेर काढावी, टोकदार वस्तूने कधीच काढू नये. उजेडात फिरवून चीर आहे का ते पाहावे, खाच कोरड्या कापडाने पुसावी आणि उत्पादकाने सांगितलेले वंगण फक्त चमक येईल इतकेच लावावे, कारण जास्त वंगणाला वाळू चिकटते. एक केस किंवा वाळूचा एक कण पाण्याला वाट द्यायला पुरतो. पेटी किनाऱ्यावर बंद न करता सकाळी खोलीतच, पंखा बंद करून, कोरड्या हातांनी बंद करावी; कोकणातल्या दमट हवेतली वाफ आत अडकली तर खाली थंड पाण्यात ती भिंगावर धुके होऊन बसते, म्हणून ओलावा शोषणारी छोटी पुडीही आत टाकावी. मग पेटी बादलीभर पाण्यात एक मिनिट धरून बुडबुड्यांची रांग निघते का ते पाहावे. खोलवर दाबानेच झाकण घट्ट बसते, त्यामुळे गळती पुष्कळदा अगदी पहिल्या मीटर-दोन मीटरमध्येच सुरू होते, आणि ती बादलीत दिसते.

पेटी अंगावर कुठे असावी, याचाही विचार किनाऱ्यावर उभे असतानाच करावा. बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जाकिटाच्या, चेन असलेल्या खिशात, आतल्या कडीला स्टेनलेस स्टीलच्या आकड्याने अडकवणे सर्वांत बरे. मात्र ज्या खिशातून आणीबाणीत वजने सोडायची असतात, तिथे काहीही ठेवू नये. लोंबणारी दोरी प्रवाळात किंवा टाकून दिलेल्या जाळ्यात अडकते, आणि मालवणच्या पाण्यात अशी जाळी भेटतात. मनगटाला बांधलेला कॅमेरा एका ओढीत सुटेल अशाच दोरीने बांधावा. जे पहिल्यांदाच उतरणार आहेत, त्यांनी मात्र काहीच नेऊ नये. श्वास, कान आणि मार्गदर्शकाच्या खुणा यांतच त्यांचे सगळे लक्ष लागते, आणि छायाचित्रे बहुतेक ठिकाणी सोबतचा मार्गदर्शक काढतो. अंगठ्या आणि मंगळसूत्रही याच वेळी काढून ठेवावे: पाण्यात बोटे आक्रसतात आणि अंगठी निसटल्याचे कळतही नाही.

विमानाने अंदमानला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद आहे. टॉर्चचे आणि कॅमेऱ्याचे सुटे लिथियम सेल तसेच पॉवर बँक केबिनमधल्या सामानातच न्यावे लागतात, टोके झाकलेली असावीत आणि टॉर्चमधला सेल काढून ठेवावा, म्हणजे तो सामानात चुकून पेटत नाही.

वर आल्यावर घाई करू नये. पेटी बंद असतानाच गोड्या पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावी, म्हणजे खाचेत मीठ सुकत नाही. मग केस आणि हात पुसून, झाकण खाली राहील असे धरून ती उघडावी. आत पाणी शिरले असेल तर वस्तू बंद करून सेल लगेच काढावा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाकावे आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. तांदळात ठेवल्याने मीठ निघत नाही, आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम करणे तर टाळावेच. खारे पाणी लागलेला लिथियम सेल पुन्हा चार्जिंगला लावू नये, गाडीतही ठेवू नये. तो उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा. किल्ली भिजलीच असेल तर तिचा सेल काढून धुतल्यावर गाडी सुरू करून पाहण्यास हरकत नाही, कारण इंजिनला परवानगी देणारी चिप बहुतेक किल्ल्यांत सेलशिवाय चालते आणि अनेक गाड्यांत किल्ली सुरू करायच्या बटणाला टेकवली की इंजिन लागते. दार मात्र किल्लीत दडलेल्या धातूच्या पात्यानेच उघडावे लागेल. ते पाते कुठून ओढून काढायचे, तेही आदल्या रात्रीच पाहून ठेवावे.