अमेरिकेतली वंशभेदाची केस वाचायची कशी

लोक थेट निकाल वाचायला घेतात आणि गोंधळतात, कारण एका केसमध्ये ढीगभर आकडे असूनही माणूस हरतो आणि दुसऱ्या केसमध्ये नुसत्या कायद्याच्या शब्दांवर जिंकतो. म्हणून निकाल बाजूला ठेवा आणि आधी बघा, हे केलं कोणी? अमेरिकन घटनेच्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीतलं समान संरक्षणाचं बंधन, म्हणजे कायद्यानं सगळ्यांना सारखं वागवायचं, राज्यांवर आहे, त्यात स्कूल बोर्ड, पोलीस, नगरपालिका सगळे येतात, पण खाजगी हॉटेलवाला येत नाही, त्याच्यासाठी १९६४ चा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट (नागरी हक्क कायदा) बघायचा. केंद्र सरकार असेल तर पाचवी दुरुस्ती.

मग कायदा स्वतःच वंशाचं नाव घेतो का ते बघा. घेत असेल तर स्ट्रिक्ट स्क्रूटिनी, म्हणजे सरकारनंच सिद्ध करायचं की हेतू अतिशय महत्त्वाचा आहे आणि उपाय त्या हेतूपुरताच आहे. १९६७ च्या लव्हिंग केसमध्ये व्हर्जिनिया म्हणत होतं की आंतरवंशीय लग्न केलं तर शिक्षा गोऱ्याला आणि काळ्याला सारखीच, मग भेदभाव कुठे? सुप्रीम कोर्टानं ते साफ नाकारलं. २०२३ मध्ये कॉलेज अ‍ॅडमिशनमधला वंशाचा विचारही याच कसोटीवर पडला.

खरी कसरत पुढे आहे. कायद्यात वंशाचा उल्लेखच नाही पण फटका एकाच समाजाला बसतो, तेव्हा १९७६ च्या वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस केसपासून नुसता परिणाम पुरत नाही, भेदभावाचा हेतू दाखवावा लागतो, आणि बहुतेक केसेस इथेच मरतात. १८८६ मध्ये चिनी लाँड्रीवाला यिक वो जिंकला कारण सॅन फ्रान्सिस्कोनं लाकडी इमारतीतल्या लाँड्रीची परवानगी दोनशेच्या आसपास चिनी लोकांना नाकारली होती आणि चिनी नसलेल्या जवळपास सगळ्यांना दिली होती, एवढं उघड चित्र आता क्वचित मिळतं. १९८७ च्या मॅक्लेस्की केसमध्ये जॉर्जियातला अभ्यास सांगत होता की खून झालेला माणूस गोरा असेल तर आरोपीला फाशीचे ऑड्स (शिक्षा होण्या-न होण्याचं प्रमाण) ४.३ पट, तरी आरोपीची ५-४ मतांनी हार, कारण या आरोपीच्या बाबतीत हेतू दिसला नाही. मला हा निकाल चुकीचाच वाटतो, आणि तो लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांनीही रिटायर झाल्यावर सांगितलं की मत बदलायचं झालं तर याच केसमधलं बदलेन.

तर हेतू शोधायचा कुठे? १९७७ च्या आर्लिंग्टन हाइट्स केसनं जागा सांगितल्यात: आधीचा इतिहास, निर्णयाच्या आधी काय काय घडलं, नेहमीची पद्धत अचानक का मोडली, मीटिंगमध्ये कोण काय बोललं. फॅक्ट्स वाचताना पेन्सिल घेऊन हेच खुणवा, आणि हेतू दिसला तरी थांबू नका, कारण मग सरकारला म्हणता येतं की वंशाचा विचार नसता तरी आम्ही हाच निर्णय घेतला असता, ते कोर्टाला पटलं का ते बघा.