मुकुटाखालची तीन अक्षरं: जुनी रिव्हॉल्व्हर जाणत्यांकडून कशी समजून घ्यावीत

सासरे गेले तेव्हा त्यांचं रिव्हॉल्व्हर नौपाड्यातल्या आमच्या घरी, लोखंडी कपाटात होतं. ‘सासऱ्यांच्या काकांनी ते ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलं,’ असं घरात सगळे सांगायचे. मीही मुलांना तेच सांगत आले. पुढे ते जमा केलं त्या शस्त्रांच्या दुकानात एक निवृत्त हवालदार भेटले. पोलिसांत ते आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि विचारलं, “ताई, मुकुटाखाली काय लिहिलंय?” बी, एन, पी. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे हत्यारांची चाचणी घेऊन शिक्का मारणाऱ्या संस्थेचा, हा शिक्का १९५४ पासूनचा, आणि ब्रह्मदेशची लढाई ज्यात झाली ते दुसरं महायुद्ध संपलं १९४५ साली.

वाईट वाटलं. पण त्या दिवसापासून मी या विषयात खरी शिरले. नवख्या माणसाने जाणत्यांकडून कसं शिकावं, हे मला जसं उमगलं तसं सांगते.

आधी कायद्याचं, कारण इथे चूक महागात पडते. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवून चालत नाही. ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती जपून ठेवायची. वारसाच्या नावावर परवाना मिळेपर्यंत ते तिथेच राहतं. आमच्या ठाणे शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात चालतं. ‘जुनं आहे, त्याला कुठला परवाना?’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तूंसाठी सवलत आहे खरी, पण आपलं हत्यार तीत बसतं की नाही हे कट्ट्यावर ठरत नाही, लेखी विचारून घ्यावं. आणि दाखवायला म्हणून हत्यार पिशवीत घालून कुणाकडे नेऊ नये. फोटो न्यावेत.

फोटो काढायचीही रीत आहे. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ट्रेसर होते, ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य गेलं, त्यामुळे हे मला लवकर जमलं. दुकानदाराच्या परवानगीने, त्यानेच उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवल्यावर, हत्यार पांढऱ्या कागदावर ठेवायला सांगावं. टॉर्च वरून मारू नये. जवळजवळ आडवा धरावा, म्हणजे झिजलेले शिक्केसुद्धा सावलीने उठून दिसतात. दोन्ही बाजू, नळी, सिलिंडर (ही घरं असलेला फिरता भाग), मुठीचा खालचा भाग, सगळ्याचे फोटो घ्यावेत आणि जिथे जिथे खूण आहे तिची नक्कल वहीत हाताने काढावी. हाताने काढताना डोळा थांबतो. माझ्या फोटोत मला जे दिसलं नव्हतं ते चित्र काढताना दिसलं. हे फोटो पुढे कुणाला पाठवायचे असतील तर त्यावरचा क्रमांक झाकायला विसरू नका.

आता माणसांकडे वळू. मी पहिल्या भेटीत विचारलं, “काका, याची किंमत किती येईल?” हवालदारकाका गप्प झाले आणि चहा घेऊन निघून गेले. पुढच्या खेपेला मी वही घेऊन गेले आणि म्हटलं, “काका, हा शिक्का मला इथे दिसला, हा इथे, आणि हा कळत नाही.” ते दोन तास बोलले. जाणता माणूस तुमच्या कष्टाला उत्तर देतो. आपण काय पाहिलं ते आधी सांगावं, मग विचारावं. आणि मिळालेल्या प्रत्येक उत्तरावर एक प्रश्न नम्रपणे जोडावा: “कशावरून?”

‘कशावरून’ला काकांनी दिलेलं उत्तर माझ्या वहीत आहे. एक, बीएनपीचा शिक्का. दोन, सरकारी मालावर असणारा रुंद बाण कुठेच नाही. ब्रिटिश सैन्याच्या हत्यारावर तो असतो, आणि हत्यार सैन्यातून विकलं गेलं की दोन बाण टोकाला टोक लावून ठोकतात. तीन, हे बत्तीस बोअरचं आहे, म्हणजे नळीचं माप साधारण पॉइंट ३२ इंच. त्या काळी ब्रिटिश सैन्याची रिव्हॉल्व्हर पॉइंट ४५५ ची, आणि नंतर अडतीसची. आमच्यासारखी बत्तीसची वेब्ली मार्क फोर (वेब्ली ही ब्रिटिश कंपनी) बाजारातल्या गिऱ्हाइकासाठी होती. घरी येऊन जुने कागद उपसले, तर सासऱ्यांच्या काकांच्या नावची १९५८ ची मुंबईतल्या दुकानाची पावती निघाली. एक खूण चुकू शकते. तीन खुणा आणि एक कागद सहसा चुकत नाहीत.

जाणते तऱ्हेतऱ्हेचे असतात आणि प्रत्येकाचं ज्ञान वेगळ्या जागी असतं. हवालदारकाकांचं ज्ञान बोटांत आहे. वेब्लीचा खटका दाबला की नळी खाली झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात, तो खटका सैल झालाय का हे ते आवाजावरून सांगतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर याच घडणीवर बेतलेलं आहे. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी मला ते जवळजवळ भाग-भाग मोजून दाखवलं. दुसरे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे हत्यार एकही नाही, पण जुन्या कॅटलॉगांच्या प्रतींचे गठ्ठे आहेत. जॉर्ज फॉस्बेरीची गोष्ट त्यांनीच सांगितली. हिंदुस्थानातल्या सैन्यातला हा अधिकारी, १८६३ च्या सरहद्दीवरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला. त्याच्या कल्पनेवरून वेब्लीने १९०१ च्या सुमारास असं रिव्हॉल्व्हर काढलं, ज्यात बार उडाल्याच्या धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, घोडा चढतो आणि सिलिंडरवरच्या नागमोडी खाचांमुळे पुढचं घर नळीसमोर येतं. त्या खाचा मी कागदावर उलगडून काढल्या तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारीच बसले.

एकाचं ऐकून दुसऱ्याला विचारायला लाजू नका. एका हौशी माणसाने मला सांगितलं होतं, अडतीस म्हणजे अडतीस, काडतूस कुठलंही चालतं. हवालदारकाका हे ऐकून चिडले. वेब्ली-एनफिल्डचं अडतीस आखूड आणि किंचित जाड, ‘अडतीस स्पेशल’ लांब आणि बारीक. नाव एक असलं तरी माप एक नाही. अशा चुकीने माणूस जखमी होतो. म्हणून वहीत कुणी काय सांगितलं त्याखाली नाव आणि तारीख घालते, आणि दुसऱ्याने दुजोरा दिला तरच शाईने लिहिते. तोवर पेन्सिल.

एक गोष्ट माझ्या हातून बिघडली ती सांगायलाच हवी. दर खंडेनवमीला मी त्या रिव्हॉल्व्हरला हळद-कुंकू वाहत असे, तेही ओल्या बोटाने. चाळीस वर्षांत मुठीजवळ गंजाचे खड्डे पडले, निळसर झाक गेली आणि क्रमांकाचा एक आकडा अर्धा बुजला. मग मी दुकानदाराला पॉलिश पेपरने घासायला सांगणार होते. काकांनी हात धरला. घासलं असतं तर उरलेला आकडाही गेला असता. गंजावर पातळ तेल, मऊ फडकं आणि धीर. बाकी काही करू नये. आता खंडेनवमीला फुलं कपाटावर ठेवतो, धातूला हात लावत नाही.

परवाना यजमानांच्या नावावर झाला. आता रविवारी सकाळी मामलेदारची मिसळ खाऊन आम्ही हौशी मंडळी तलावपाळीवर बसतो, फक्त वह्या आणि फोटो घेऊन. परवा एक तरुण मुलगी आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचे फोटो घेऊन आली. बँकवाले काका म्हणाले वेब्ली, हवालदारकाका म्हणाले एनफिल्ड नंबर दोन, म्हणजे ब्रिटिश सरकारी कारखान्याचं, वेब्लीसारखंच दिसणारं रिव्हॉल्व्हर. दोघंही अडून बसले. एनफिल्डला बाजूला स्क्रूने बसवलेलं झाकण असतं, वेब्लीला नसतं. पण नेमकी ती बाजू फोटोत अंधारात होती. तिला मी टॉर्च आडवा कसा धरायचा ते दाखवलं. पुढच्या रविवारी ती नवे फोटो घेऊन येणार आहे.